बेल्ट बदलला तरी चिवचिव जात नाही? आधी पाण्याची बाटली घ्या

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर माझ्या गाडीचा अल्टरनेटर गेला, वाइंडिंग जळालं होतं, ते भरून घेतलं, गाडी चालू झाली, बॅटरी चार्ज व्हायला लागली, सगळं झकास. आणि चौथ्या की पाचव्या दिवशी सकाळी स्टार्टर मारल्या मारल्या बॉनेटमधनं चिमणी बोलायला लागली. चिव चिव चिव चिव, एकदम तालात. ॲक्सिलेटर दिला की ताल वाढतोय, सोडला की उतरतोय, दहा-बारा मिनिटं गाडी पळाली की गप्प. परत दुसऱ्या दिवशी सकाळी तेच. आमचं घर बेळगावात टिळकवाडीत, आई म्हणायची, तू दुसऱ्या रेल्वे गेटापाशी आलास की मला हितं कळतंय, मी चहा ठेवते.

पहिला बेल्ट बदलला जूनमध्ये, कारण जो भेटंल तो सांगत होता फॅन बेल्ट गेलाय. (आमच्यात अजून फॅन बेल्टच म्हणतात, फॅन कधीचा इलेक्ट्रिक मोटरवर गेला, तरी नाव तेच.) आठ दिवस शांत, नवव्या दिवशी परत चिमणी. दुसरा दिवाळीत, वेगळ्या कंपनीचा, जरा महागातला, तो तीन आठवडे गप्प बसला. तिसऱ्याच्या वेळी, म्हणजे यंदाच्या पावसाळ्यात, मेस्त्रीनं आवाजच येऊ नये म्हणून बेल्ट मिरजेच्या तंबोऱ्याच्या तारेसारखा ताणून ठेवला. चिवचिव कमी झाली खरी पण महिन्याभरात अल्टरनेटरमधनं घूंऽऽ असा आवाज यायला लागला, म्हणजे बेअरिंगवर ताण पडून तेही चाललं. चौदा महिन्यांत तीन बेल्ट आणि वर एक बेअरिंग, आणि मूळ दुखणं जागच्या जागी.

तेव्हा कळलं की बेल्ट हा नुसता बोंबलणारा असतोय, मारणारा दुसराच कोणतरी. ज्यांच्या गाडीत बेल्ट बदलून बदलून आवाज परत येऊलाय त्यांच्यासाठी हे सगळं लिहितोय, मी जे आधी करायला पायजे होतं ते.

पहिलं एक सांगून ठेवतो, मग पुढं. चालू इंजिनजवळ लोंबती ओढणी, ढगळ बाही, गळ्यातली चेन, मफलर काही नको, बोटं तर बेल्टच्या आसपास सुद्धा नकोत. बघायचं असेल तर इंजिन बंद, चावी खिशात. आणि इंजिन बंद असलं तरी रेडिएटरचा इलेक्ट्रिक फॅन गरम गाडीत आपोआप फिरतोय, ते विसरू नका. अल्टरनेटरचे नट ढिले करायच्या आधी बॅटरीचा मायनस काढायचा, पान्हा चुकून प्लसला आणि बॉडीला एकदम टेकला तर दिवाळी होते. आणि टायमिंग बेल्ट हा वेगळा प्रकार, तो कव्हरच्या आत असतोय, दाते असतात, त्याच्याशी घरी खेळ नको. मी बोलतोय तो बाहेरनं दिसणारा, उभ्या रेघांचा (त्या रेघांना रीब म्हणतात) बेल्ट, ज्याच्यावर अल्टरनेटर, वॉटर पंप, एसीचा कॉम्प्रेसर, काही गाड्यांत पॉवर स्टिअरिंगचा पंप फिरतो.

आता आवाज. गॅरेजमध्ये गेल्यावर आपण "आवाज येतोय" एवढंच सांगतो आणि तितनंच घोळ सुरू होतोय. आवाज कसा ते सांगायला पायजे. चिमणीसारखा तुटक तुटक, फेऱ्याच्या तालात येणारा, तो बहुतेक वेळा पुली एका रेषेत नसल्याचा. डुकराचं पिल्लू धरल्यावर ओरडतंय तसा सलग, लांबट, कान फाडणारा, तो बेल्ट पुलीवर घसरल्याचा. घूंऽऽ किंवा घरघर, जात्यासारखी, ती बेअरिंगची. फटफट असा मारल्यासारखा आवाज म्हणजे बेल्टची एखादी रीब सुटून कव्हरला आपटतेय, गाडी तिथंच थांबवा. आमच्या चुलतभावाच्या गाडीत हेच झालं, गाडी भाताच्या पोत्यांशेजारी शेडमध्ये महिनाभर उभी होती, उंदरांनी बेल्टची कड कुरतडली, पहिल्याच फेरीत एक दोरा उसवल्यासारखी रीब लोंबायला लागली. त्याला चिवचिव नाही, घसरण नाही, नुसता मूषक.

चिवचिव आणि किंकाळी यातला फरक कानाला कळत नसेल तर पाण्याची टेस्ट करा, फुकट आहे. इस्त्री करताना कपड्यावर पाणी मारायची फवाऱ्याची बाटली असते ना, ती घ्या, साधं पाणी. इंजिन आयडलला, आवाज येत असताना, जरा लांब उभं राहून बेल्टच्या रीबवाल्या म्हणजे आतल्या बाजूवर दोन-तीन फवारे मारा. बादलीनं नको, आणि अल्टरनेटरच्या तोंडात नको. आता ऐका. आवाज काही सेकंद एकदम गेला आणि बेल्ट सुकला तसा परत आला, तर पुली वाकड्या आहेत, रेषेत नाहीत. पाणी लागल्या लागल्या आवाज उलट वाढला, तर बेल्ट घसरतोय, ताण कमी आहे किंवा बेल्ट झिजलाय. पाण्यानं काहीच फरक नाही, तर बेल्टला सोडा आणि बेअरिंगकडं वळा.

माझ्या गाडीत पहिल्या फवाऱ्यालाच चिमणी गप्प. सात-आठ सेकंद. मग परत चिव. हे मी तीन बेल्ट बदलायच्या आधी केलं असतं तर किती पैसे वाचले असते त्याचा हिशोब मी बायकोला अजून सांगितलेला नाही.

पाण्यानं तसं का होतंय ते समजून घेतलं की पुढचं सोपं जातं. पुली रेषेत नसली की बेल्ट खाचेत सरळ उतरत नाही, कडेला घासत घासत आत शिरतोय, रबर क्षणभर अडकतं आणि सुटतं, अडकतं आणि सुटतं, तीच चिवचिव. पाणी मध्ये आलं की अडकणं थांबतं. घसरणाऱ्या बेल्टला मात्र आधीच पकड कमी, त्यात पाणी म्हणजे शेवाळावर चप्पल. म्हणून तो आणखी ओरडतोय.

तर पुली रेषेत आहेत का ते बघायचं कसं. मोठ्या गॅरेजमध्ये लेझरचं यंत्र असतंय, आपल्याला एक फुटी स्टीलची पट्टी आणि गवंड्याची दोरी पुरते. मला हे उद्यमबागेतल्या एका लेथवाल्यानं दाखवलं, मूळचा बैलहोंगलकडचा माणूस, मराठी कामापुरतं बोलतो. मी बेअरिंगचं काम काढून त्याच्याकडं गेलो होतो, त्यानं बॉनेट उघडलं, दोन मिनिटं कान देऊन उभा राहिला आणि म्हणाला, "बेल्टिंदु अल्ल री, पुली सोट्ट ऐति." बेल्टचं नाही हो, पुली वाकडी आहे. मी म्हटलं तीन बेल्ट बदललेत. तो हसला फक्त.

त्यानं इंजिन बंद करून दोरीचं एक टोक क्रँक पुलीच्या (इंजिन जी फिरवतं ती मुख्य पुली) पहिल्या खाचेत धरायला लावलं मला, दुसरं टोक अल्टरनेटर पुलीच्या पहिल्या खाचेकडं ताणून नेलं. दोरी सरळ खाचेत बसायला पायजे होती, ती खाचेच्या बाहेर पडत होती, सरळ सरळ एक खाच सोडून. लक्षात ठेवा, पुलीच्या कडेवर पट्टी लावून मापायचं असेल तर दोन्ही पुलींच्या कडा सारख्या जाडीच्या असतील असं नाही, म्हणून खाचेवरनं खाच मापलेली बरी. व्हर्नियरनं बघितलं तर तीन मिलिमीटर फरक. आणि माझ्या गाडीत त्या दोन पुलींच्या मधला सरळ बेल्ट साधारण सतरा सेंटीमीटरचा. सतरा सेंटीमीटरला तीन मिलिमीटर म्हणजे जवळजवळ एक अंश, आणि रीबवाल्या बेल्टला एक अंश म्हणजे लई झालं. तीन मिलिमीटर नुसत्या डोळ्यांनी दिसत नाहीत, मी रोज बघत होतो, मला काय दिसलं.

आता ते तीन मिलिमीटर गेले कुठं? अल्टरनेटर वाइंडिंगला काढला होता ना, तेव्हा ब्रॅकेट आणि अल्टरनेटरच्या कानाच्या मध्ये असलेला एक जाड वॉशर परत बसलाच नाही. ज्या दुकानात काम झालं त्याचं नाव घेत नाही, चुका होतात, पण तेव्हा मला कुणी विचारलं असतं की "बॉस, हा वॉशर शिल्लक राहिलाय" तर बरं झालं असतं. लेथवाल्यानं रॉडचा तुकडा पकडून दहा मिनिटांत तीन मिलिमीटरचा बुश काढून दिला, वर फाईल मारून कड मोडली, बसवला, दोरी खाचेत बसली. बेअरिंग बदललं, आणि जो तिसरा बेल्ट होता तोच परत चढवला. आज चार महिने झाले.

म्हणून आवाज सुरू झाल्याची तारीख आठवा, हे माझं पहिलं सांगणं. त्याच्या आधी पंधरा दिवसांत बॉनेट कुणी उघडलं होतं, काय काढलं, काय बसवलं. अल्टरनेटर, एसी कॉम्प्रेसर, वॉटर पंप, इंजिनचं फाउंडेशन रबर, यातलं काही निघालं असेल तर तिथनंच शोध सुरू करा. कधी पुली बदलून दुसऱ्या मॉडेलची बसवलेली असते, कधी शाफ्टवर पूर्ण दाबलेली नसते, कधी अल्टरनेटरच्या पिव्होट बोल्टचं भोक झिजून अख्खा अल्टरनेटर ताण दिल्यावर तिरका होतो. आणि सगळ्यात फालतू कारण, जे बघायला दोन सेकंद लागतात: बेल्ट एक खाच सोडून बसवलेला. सहा रीबचा बेल्ट आणि सहा खाचांची पुली, एक रीब बाहेर हवेत लोंबतेय. टॉर्च मारून प्रत्येक पुलीवर बघा.

खाचेत काय साठलंय तेही बघा. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडं गाडी जात असेल तर पावसाळ्यात तांबडा चिखल आणि उन्हाळ्यात तीच तांबडी धूळ सगळ्या खाचांत भरते, वाळून विटकरीसारखी होते, मग बेल्ट खोल बसतच नाही. ऊसाच्या सीझनला रस्त्यावर पडलेला पाला आणि माती तर विचारू नका. जुना टूथब्रश, साबणाचं पाणी, इंजिन बंद, एकेक खाच घासून काढायची, क्रँक पुली हातानं पान्ह्यानं थोडी थोडी फिरवत. कधी बारीक खडा रीबमध्ये रुतलेला सापडतो, तो एकटा सुद्धा चिवचिव करू शकतो. वाकड्या पुलीवर चाललेल्या बेल्टच्या खाचेत रबराच्या बारीक काळ्या गोळ्या साठतात, पाटी पुसल्यावर खोडरबराच्या होतात तशा, त्या दिसल्या की समजायचं नुसतं धुऊन भागणार नाही.

आता घसरणारा बेल्ट. याचं उदाहरण आमचे मामा, जांबोटीच्या अलीकडं राहतात, पिकअप चालवतात. पावसात डबक्यातनं गाडी गेली की पिकअप अशी किंचाळायची की म्हशी बुजायच्या. मामांनी त्याला बेल्टवर अंगाला लावायचा साबण घासला, मग मेणबत्ती घासली, मग कुणीतरी सांगितलं म्हणून बेल्टवर मारायचा स्प्रे आणला. प्रत्येक वेळी दोन दिवस आवाज बंद आणि नंतर डबल. हे सगळे चिकट प्रकार धूळ धरतात आणि खाचा लिंपून टाकतात. आणि गंजाला मारायचा तो तेलकट स्प्रे तर अजिबात नको. हल्लीचे बहुतेक बेल्ट ईपीडीएम रबराचे असतात, त्या रबराला उष्णता चालते, पाऊस चालतो, पण पेट्रोलियमचं तेल चालत नाही, ते फुगतं, मऊ पडतं. स्प्रेनं आवाज जातो कारण बेल्ट आणखी घसरायला लागतोय, त्याचा गळा दाबला एवढंच.

मामांना मी फोनवर विचारलं, बेल्टला तडे गेलेत काय? म्हणाले, "एक सुद्धा तडा न्हाई रे, नव्यासारखा हाय." आणि हितंच बरेच जण फसतात. जुने निओप्रीनचे बेल्ट म्हातारे झाले की आडवे तडे जायचे, बघून कळायचं. ईपीडीएमला तडे सहसा जात नाहीत, तो टायरसारखा झिजत जातो. रीबचा आकार टोकदार व्हीचा असतो, झिजल्यावर खाच रुंद होते, बेल्ट पुलीत खोल जातो, आणि रीबच्या बाजू पकड घ्यायच्या ऐवजी रीबचं टोक पुलीच्या तळाला टेकतं. मग पकड राहिली कुठं? त्यात पाणी गेलं तर बाहेर पडायलाही जागा नाही. मापायची प्लॅस्टिकची बारीक पट्टी मिळते काही स्पेअरपार्टवाल्यांकडं, ती नसेल तर नवीन बेल्ट शेजारी धरून बोटाच्या नखानं खाचेची खोली चाचपा, फरक नखाला कळतो. रीब आरशासारख्या चमकत असतील तर घसरून घसरून भाजल्यात, तो बेल्ट धुऊनही परत येणार नाही. मामांचा असाच होता, नव्यासारखा दिसणारा आणि आतनं पार संपलेला.

किंकाळी कधी येते त्यावरनं पण पुष्कळ कळतं. अल्टरनेटरची पुली सगळ्यात लहान, बेल्ट तिला कमी मिठी मारतो, आणि ती क्रँकच्या दोन-अडीच ते तीन पट वेगानं फिरते, म्हणून घसरण बहुतेक तिथनंच सुरू होते. सकाळी चालू केल्यावर पहिलं एक मिनिट किंचाळून गप्प बसत असेल तर बॅटरी मोजा. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास पायजे, १२.२ म्हणजे अर्धी रिकामी. बॅटरी म्हातारी असली की स्टार्ट झाल्या झाल्या अल्टरनेटर जीव खाऊन चार्ज करायला बघतो, बेल्टवर एकदम ओझं येतं. अशा गाडीला बेल्ट टाकून उपयोग नाही, बॅटरी बघा. चालू गाडीत साधारण १३.८ ते १४.५ दिसायला पायजे, बेल्ट घसरत असेल तर लाईट, एसी, मागची काच गरम करायचं बटण सगळं लावल्यावर हा आकडा पडताना दिसतो. एसी लावल्यावरच किंचाळत असेल तर एसीचा बेल्ट किंवा कॉम्प्रेसर जड झालाय. स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर ओरडत असेल तर पॉवर स्टिअरिंगचा, पण तिथं किंकाळी नसून कण्हल्यासारखा आवाज असेल तर आधी ऑइलची पातळी बघा, बेल्ट निर्दोष असतो.

ओला बेल्ट दिसला तर कशानं ओला ते हुंगा. कूलंट गोडसर वासाचं असतं, वाळल्यावर हिरवट किंवा गुलाबी पांढुरकं पापुद्र्यासारखं राहतं, ते वॉटर पंपाखाली दिसलं तर पंपाचा सील गेलाय. ऑइल असेल तर वर टॅपेट कव्हरचं पॅकिंग किंवा पुढचा क्रँक सील. गळती बंद न करता बेल्ट बदलणं म्हणजे छप्पर गळतंय आणि आपण फरशी पुसतोय.

बेअरिंगचा आवाज शोधायला माझी पद्धत अशी: लांब स्क्रू ड्रायव्हर, टोक अल्टरनेटरच्या बॉडीवर, फिरणाऱ्या भागापासनं लांब, मूठ कानामागच्या हाडाला. घरघर कुणाच्या पोटात आहे ते अंधारात पण कळतं. मग टोक पुढच्यावर न्यायचं. खात्री करायची असेल तर इंजिन बंद करून बेल्ट उतरवायचा आणि प्रत्येक पुली हातानं फिरवायची. चांगली पुली गुळगुळीत, बिनआवाजाची फिरते. खराब पुलीत वाळू भरल्यासारखं हाताला लागतं, किंवा वरखाली हलवली की प्ले कळतो, किंवा एकदम मोकळी भिंगरीसारखी पळते, म्हणजे आतलं ग्रीस संपलंय. बेल्ट उतरवून इंजिन वीस-तीस सेकंद चालवून बघता येतं, आवाज गेला तर बेल्टवरच्या मंडळींपैकी कुणीतरी, राहिला तर इंजिनातलंच काहीतरी. वीस-तीस सेकंदच, कारण वॉटर पंप त्याच बेल्टवर असेल तर कूलंट फिरत नाही. एसीची एक गंमत, एसी बंद असताना घरघर आणि लावल्यावर बंद, तर कॉम्प्रेसरच्या क्लच पुलीचं बेअरिंग, कारण एसी बंद असताना पुली एकटीच फिरते आणि शाफ्ट उभा असतो.

ज्या गाड्यांत ऑटोमॅटिक टेन्शनर, म्हणजे बेल्टचा ताण आपोआप राखणारा स्प्रिंगचा हात आहे, त्यांचं वेगळं. आयडलला टेन्शनरचा हात बघा, बारीक थरथर चालते, पण तो नाचत असेल तर स्प्रिंग किंवा आतला डँपर गेला. बऱ्याच टेन्शनरवर खूण असते, हाताचा काटा त्या खुणेच्या बाहेर गेला असेल तर बेल्ट लांबलाय किंवा चुकीचा लावलाय. बेल्ट घेताना टेन्शनर आणि आयडलर पुली (नुसती बेल्टला वाट दाखवणारी) पण तपासा, त्यांचंही वय तेवढंच झालेलं असतं. काही डिझेल गाड्यांत अल्टरनेटरची पुली एकाच दिशेला पकडणारी असते, ती अडकली की टेन्शनर नाचतो आणि सगळे टेन्शनरच बदलत बसतात. तपासायला आतला रोटर धरून पुली फिरवायची, एका बाजूला पकडली आणि दुसऱ्या बाजूला सुटी फिरली तर ठीक, दोन्हीकडं पकडली किंवा दोन्हीकडं सुटी तर गेली.

क्रँक पुली कुणी बघत नाही. ती बऱ्याच गाड्यांत दोन तुकड्यांची असते, आतला हब आणि बाहेरची रिंग, मध्ये रबर. रबर सुटलं की बाहेरची रिंग हबवर घसरते किंवा लंगडत फिरते. खडूनं हबपासून रिंगपर्यंत एक सरळ रेघ मारा, दोन दिवस गाडी चालवा, रेघ तुटून दोन तुकडे वेगवेगळ्या जागी गेले असतील तर पुली गेली. हे माझं नाही, त्याच लेथवाल्याकडनं शिकलो. खडू त्याच्या कानामागंच असतो.

बेल्ट घ्यायचाच झाला तर जुन्यावरचा नंबर वाचून घ्या. ६ पीके १२०० म्हणजे सहा रीब, १२०० मिलिमीटर लांबी. काउंटरवर "दादा, १२१० हाय, चालतंय की" असं म्हणतात, नको म्हणा. टेन्शनर त्या दहा मिलिमीटरसाठी आपला ताण खर्च करतो. उतरवायच्या आधी बेल्ट कुठनं कसा गेलाय त्याचा मोबाईलवर फोटो काढा, बॉनेटखालचा स्टिकर निम्म्या गाड्यांत उडालेला असतो, आणि रीबवाला बेल्ट उलटा फिरवून बसवला की अर्धा तास डोकं खाजवत बसावं लागतं. टेन्शनर नसलेल्या काही गाड्यांत ताणून बसवायचे लवचिक बेल्ट येतात, ते स्क्रू ड्रायव्हरनं टोचून चढवू नका, आतले दोरे तुटतात, बाहेरनं काही दिसत नाही, महिन्याभरात बेल्ट उसवतो. त्याचं साधन असलेल्या मेस्त्रीकडंच जा.

माझ्यासारखा हातानं ताण द्यायचा प्रकार असेल तर गाडीच्या पुस्तकात दिलंय ते पाळा. पुस्तक हरवलं असेल तर जुन्या मेस्त्र्यांचा अंदाज, सगळ्यात लांब सरळ भागाला अंगठा आणि बोटात धरून पीळ द्यायचा, साधारण पाव फेरा वळला की ठीक. सहज त्याच्या पुढं गेला तर ढिला, मुळीच वळेना तर जास्त. जास्त ताणल्यावर काय होतं ते मी पैसे देऊन शिकलोय. आणि नवीन बेल्ट चारपाचशे किलोमीटर चालला की थोडा बसतो, ताण परत बघायचा, हे कुणी सांगत नाही, आणि मग पंधरा दिवसांनी आवाज आला की बेल्टच्या कंपनीला शिव्या.

रस्त्यात बेल्ट तुटलाच तर डॅशबोर्डवर लाल बॅटरीचा दिवा लागतो, पॉवर स्टिअरिंग बेल्टवर असेल तर एकदम जड होतं, आणि वॉटर पंप त्यावर असेल तर तापमानाचा काटा चढायला लागतो. बॅटरीच्या दिव्याकडं दुर्लक्ष करून चोर्ला घाट चढायला जाऊ नका, काटा वर जायच्या आत बाजूला घ्या. इंजिन तापून हेडगॅस्केट (इंजिनच्या हेडखालचं पॅकिंग) गेलं तर त्याचा खर्च बेल्टच्या कितीतरी पट आहे.

मामांना नवीन बेल्ट घालून दिला, खाचा घासल्या, साबण आणि मेणाचा लेप काढायलाच तासभर गेला. किंकाळी गेली. पण परवा फोन आला, "आता सकाळी बारीक चिवचिव येऊलाय रे, पाणी मारून बघितलं, न्हाई थांबत, उलट वाढतंय." म्हणजे बेल्ट बसला आणि ताण उतरला, त्याला चारशे किलोमीटर झालेच असतील. रविवारी जांबोटीला जायचंय, बारा-तेराचा पान्हा डिकीत टाकून ठेवलाय.